आजीचा दिवा आणि रिमोटचे चौतीस ठोके

पत्र :

ताई, नमस्कार. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. दिवाळीच्या आधी आजी न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आता ती वॉकर धरून चालते, पण रात्री उठून दाराजवळच्या बोर्डापर्यंत जाणं तिला जमत नाही. म्हणून मी तिच्या उशाशी भिंतीवर असलेल्या दिव्यासाठी रिमोटवर चालणारा स्विच केला. टीएसओपी १७३८ (रिमोटचा इशारा पकडणारा इन्फ्रारेड डोळा), त्यापुढे बीसी ५५८ ट्रान्झिस्टर, मग सीडी ४०१७ (ठोके मोजणारा आयसी), बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा रिले (विजेनं ओढला जाणारा स्विच). पुरवठ्याला ट्रान्सफॉर्मर घेतला नाही; ०.४७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा कपॅसिटर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), १२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज बांधून ठेवणारा डायोड) आणि पुढे ५ व्होल्ट देणारा ७८०५ लावला. रिमोट जुन्या डीव्हीडी प्लेअरचा आहे.

कळ एकदा दाबली की कधी दिवा लागतो, कधी लागून लगेच विझतो, कधी रिले नुसता टकटक करतो. सकाळी आई मिक्सर लावते तेव्हा दिवा आपोआप लागतो. रात्री लाईट जाऊन आली की दिवा लागलेलाच असतो आणि आजी दचकून उठते. दुपारी खिडकीतून ऊन आलं की अगदी जवळ जाऊनही रिमोट चालत नाही. सगळे डाग पुन्हा दिले, ४०१७ बदलला, फरक नाही. आजी म्हणते, "राहू दे गं, मी काठीनं बटण दाबीन." मला फार वाईट वाटतं. काय चुकतंय?

उत्तर :

बाळ, बाकीचं वाचायच्या आधी एक काम कर. त्या डब्याची पिन बोर्डातून काढ आणि मग पुढे वाच. तुझ्या चारही तक्रारींना उत्तरं आहेत आणि ती शंभर-दोनशे रुपयांच्या सामानात होतील. पण तू जिची तक्रार केलेलीच नाहीस अशी एक पाचवी गोष्ट आहे, ती या चौघींपेक्षा मोठी आहे.

कपॅसिटरवर चालणारा पुरवठा घरच्या विजेपासून सर्किटला वेगळं करत नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळ्यांचा एकमेकांशी तारेनं संबंध नसतो, म्हणून पलीकडचे १२ व्होल्ट खरोखर फक्त १२ व्होल्ट असतात. तुझ्या सर्किटात मात्र बोर्डातली एक तार सरळ ब्रिजला जाते. दोन पायांची पिन एका बाजूनं खोचली तर कदाचित काहीच जाणवणार नाही. उलटी खोचली गेली की सर्किटच्या ग्राउंडवर थेट फेज येतो. मीटर लावलास तर ७८०५ च्या दोन पायांत ५ व्होल्टच दिसतील, कारण मीटर त्या दोन पायांमधला फरक सांगतो. जमिनीच्या हिशेबानं ते दोन्ही पाय २३० व्होल्टवर असतात. आणि टीएसओपीचा डोळा तर डब्याच्या बाहेर डोकावतोय, उशीपासून हातभर अंतरावर. खाली आजीचा लोखंडी वॉकर.

हे तुला रागावण्यासाठी लिहीत नाही. हे सर्किट सगळीकडे छापलेलं असतं, "स्वस्त आणि सुटसुटीत" म्हणून. मी ज्या वर्कशॉपमध्ये शिकवत होते तिथे एका मुलानं अशाच पुरवठ्यावरचा रात्रीचा दिवा केला होता. पिन काढल्यावर दहा मिनिटांनी त्यानं बोर्ड उचलला आणि त्याच्या हाताला असा झटका बसला की बोर्ड भिंतीवर जाऊन आपटला. कपॅसिटरला समांतर १ मेगओहमचा रेझिस्टर त्यानं लावलाच नव्हता, म्हणून चार्ज तसाच बसून राहिला होता. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि पिन नेमकी त्या क्षणी निघाली तर तेवढं सगळं कपॅसिटरात अडकतं. म्हणून तूही पिन काढलीस तरी लगेच बोट लावू नकोस. मीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून कपॅसिटरच्या दोन पायांवर बघ. काही दिसलं तर १० किलोओहमचा रेझिस्टर प्लास्टिकच्या मुठीच्या पक्कडीत धरून दोन पायांवर दोन-तीन सेकंद टेकव, पुन्हा मोज, शून्य दिसलं की तो कपॅसिटर, ब्रिज आणि झेनर कापून बाजूला काढ.

त्यांच्या जागी १२ व्होल्ट १ अँपिअरचा बंदिस्त अडॅप्टर घे, आयएसआय किंवा बीआयएसची नोंद छापलेला. घरात जुन्या राऊटरचा पडलेला असेल तर तोही चालेल, फक्त लेबलवर १२ व्होल्ट डीसी लिहिलंय ना आणि मधली पिन प्लस आहे ना हे मीटरनं खात्री करून घे. १२ व्होल्ट रिलेला सरळ जाऊ दे, आणि ७८०५ मधून निघालेले ५ व्होल्ट फक्त टीएसओपी आणि आयसींना.

या एका बदलानं तुझी रिलेची टकटक बरीच कमी होईल, आणि ती का हे समजून घे, कारण परीक्षेतही येईल. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला साधारण ६,८०० ओहम अडथळा करतो. २३० भागिले ६,८०० म्हणजे ३४ मिलिअँपिअर. ब्रिजमधून गेल्यावर हाती लागतात तीसच्या आसपास. आता खर्च बघ. १२ व्होल्टच्या लहान रिलेची कॉइल सहसा ४०० ओहमची असते, म्हणजे ३० मिलिअँपिअर तिथेच संपले. ७८०५ स्वतःच चार-पाच खातो. इंडिकेटरचा एलईडी लावला असशील तर आणखी. रिले ओढला की बारा व्होल्ट खाली बसतात. असा रिले ओढायला साधारण ९ व्होल्ट तरी लागतात. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं, तेव्हा तर त्याला धड धरताही येत नाही आणि सोडताही येत नाही. तू डाग पुन्हा दिलेस, आयसी बदललास. पण उपाशी माणसाचे कपडे बदलून काय होणार?

आता दिवा रिलेपासून सोडव. पुढचे सगळे प्रयोग फक्त अडॅप्टरच्या १२ व्होल्टवर, टेबलावर, दिव्याशिवाय करायचे. रिलेचा आवाज ऐकू येतो, तेवढा पुरे. शिवाय यातून एक महत्त्वाची गोष्ट वेगळी काढता येते : दिवा जोडलेला नसताना सगळं नीट चालतंय आणि जोडल्यावर बिघडतंय, तर दोष दिव्याच्या बाजूला आहे.

मुख्य प्रश्नाकडे येते. तुझं सर्किट मोडलेलं नाही. तू त्याला "एक दाब" म्हणजे काय हे सांगितलेलंच नाहीस, म्हणून ते जे येईल ते मोजत बसलंय.

रिमोटची कळ दाबली की आपल्याला वाटतं एक इशारा गेला. प्रत्यक्षात समोरचा एलईडी ३८ किलोहर्ट्झनं लुकलुकत तुकड्यातुकड्यांनी बोलतो. बहुतेक डीव्हीडी प्लेअरचे रिमोट एनईसी पद्धतीनं बोलतात. आधी ९ मिलिसेकंदांचा एक लांब तुकडा, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिट, प्रत्येक बिटाला ५६० मायक्रोसेकंदांचा एक छोटा तुकडा, आणि शेवटी समाप्तीचा एक. टीएसओपी त्यातली ३८ किलोहर्ट्झची लुकलुक गाळून टाकतो आणि प्रत्येक तुकड्याला आपला आउटपुट एकदा खाली आणतो. बीसी ५५८ तो उलटा करून ४०१७ च्या १४ नंबरच्या पायावर देतो. मोज आता : एक अधिक बत्तीस अधिक एक. चौतीस ठोके, ७५ मिलिसेकंदांच्याही आत. बोट कळेवर राहिलं तर पुढे दर ११० मिलिसेकंदांनी "अजून दाबलेलंच आहे" असा छोटा संदेश येतो, त्यात आणखी दोन ठोके.

तू ४०१७ चा ४ नंबरचा पाय १५ ला जोडला असणार, म्हणजे तो शून्य, एक, शून्य, एक असा फिरतो. आता गंमत बघ. चौतीस ही सम संख्या. दोन ही पण सम. हिशेब अगदी चोख झाला असता तर तुझा दिवा कधीच बदलला नसता. चौतीस वेळा उलटसुलट होऊन जिथल्या तिथे आला असता! तो बदलतो तेव्हा कुठेतरी एखादा ठोका हरवलेला असतो किंवा एखादा फुकटचा घुसलेला असतो. म्हणजे तुझं सर्किट चालतं तेव्हा चुकीनं चालतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर ठोके काढून तीनदा मोजले होते. तूही मोज, इतकं छान काही पुस्तकात सापडत नाही.

मग करायचं काय? पहिला ठोका ऐकला की दार लावून घ्यायचं आणि शेवटचा ठोका होऊन सेकंदभर शांतता झाल्याशिवाय उघडायचं नाही. हे काम ५५५ हा वेळ मोजणारा आयसी करतो. जोडणी अशी : १ नंबर ग्राउंडला, ४ आणि ८ पाच व्होल्टला. ६ आणि ७ एकत्र. तिथून १०० किलोओहम पाच व्होल्टला आणि १० मायक्रोफॅरड ग्राउंडला, कपॅसिटरचा मायनस ग्राउंडकडे. ५ नंबरवरून १०३ लिहिलेला डिस्क कपॅसिटर ग्राउंडला. टीएसओपीचा आउटपुट सरळ २ नंबरला, आणि तिथून १० किलोओहम पाच व्होल्टला. ३ नंबर जातो ४०१७ च्या १४ ला. वेळ येतो १.१ गुणिले १०० किलोओहम गुणिले १० मायक्रोफॅरड, म्हणजे १.१ सेकंद.

बहुतेक जण इथे थांबतात आणि त्यांचा स्विच अर्धा सुधारतो. कारण साधा ५५५ पहिल्या ठोक्यापासून सेकंद मोजतो. म्हाताऱ्या माणसाचं बोट कळेवर दोन-तीन सेकंद सहज राहतं. ५५५ चा वेळ संपला, रिमोट अजून बोलतोच आहे, की तो पुन्हा सुटतो आणि दिवा विझतो. तुझ्या आजीकडून हेच होईल आणि ती म्हणेल, मलाच जमत नाही. ते व्हायला नको.

तुझा बीसी ५५८ आता रिकामा झालाय, त्यालाच कामाला लाव. त्याचा एमिटर ६-७ च्या जोडावर, कलेक्टर ग्राउंडला, आणि बेस ४.७ किलोओहममधून २ नंबरला. आता प्रत्येक ठोक्याला हा ट्रान्झिस्टर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रिकामा करून टाकतो, म्हणजे घड्याळ दर ठोक्याला पुन्हा शून्यावर. बोट कळेवर आहे तोवर ५५५ चा आउटपुट वरच राहतो. बोट उचलल्यावर सेकंदभरानं खाली येतो. ४०१७ ला त्या सगळ्या वेळात एकच चढ दिसतो, तोही पहिल्याच ठोक्याला, त्यामुळे दिवा लागायला उशीर होत नाही. आजीनं कळ अर्धा सेकंद दाबो नाहीतर पाच सेकंद, दिवा एकदाच बदलेल. बेसचा ४.७ किलोओहम वगळू नकोस. तो नसला तर कपॅसिटर रिकामा करताना टीएसओपीच्या नाजूक आउटपुटवर नको तेवढा भार येतो.

एवढं झालं की रिमोट हातात घेऊन पन्नास वेळा दाबून बघ, वहीत खुणा कर. पन्नासला पन्नास यायला हवेत. नाही आले तर पुढे जाऊ नकोस, कारण पुढच्या उपायांनी हा दोष नुसता झाकला जाईल, नाहीसा होणार नाही. रिमोट बोलतोय का याची शंका आली तर मोबाइलचा कॅमेरा त्याच्या एलईडीवर धर. कळ दाबल्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघ, मागच्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते.

मिक्सरचं आता. आधी ठरव की सर्किटाला त्रास डोळ्यातून होतोय की तारेतून. टीएसओपीवर पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर स्वयंपाकघरातली चांदीची फॉइल असं झाकण कर, फॉइल पायांना लागू देऊ नकोस. काळं प्लास्टिक वापरू नकोस. आपल्या डोळ्यांना काळं दिसणारं पुष्कळ प्लास्टिक इन्फ्रारेडला आरपार असतं, रिमोटच्या तोंडावरची काळी पट्टी तशीच असते. झाकून रिमोट दाब, चालता कामा नये. मग आईला मिक्सर लावायला सांग. डोळा बंद असूनही रिले वाजला, तर दोष तारेतून येतोय. माझा अंदाज हाच आहे, कारण मिक्सरच्या मोटरमध्ये ब्रश असतात, त्यांच्या ठिणग्यांचा गोंगाट घरभराच्या वायरिंगमधून फिरतो, आणि तुझा जुना पुरवठा तर त्या वायरिंगला सरळ चिकटलेला होता. अडॅप्टरनं बराचसा अडेल. उरलेल्यासाठी तीन जागा तपास.

पहिली, ४०१७ चा १३ नंबरचा पाय. तो ग्राउंडला आहे का? तू पत्रात लिहिलेलं नाहीस आणि मला तीच शंका आहे. या जातीच्या आयसीचा इनपुट मोकळा ठेवला की तो हवेतली वीजसुद्धा ऐकतो. नुसता हात जवळ नेला तरी मोजणी बदलते. दुसरी, प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या दोन पायांना अगदी लागून १०४ लिहिलेला डिस्क कपॅसिटर. ४०१७ ला १६ आणि ८ मध्ये, ५५५ ला ८ आणि १ मध्ये. "बोर्डावर कुठेतरी आहे" चालत नाही, पायाशीच हवा. ५५५ स्वतः पलटताना पुरवठ्यातून एक झटकन घोट घेतो, त्यासाठी १०० मायक्रोफॅरडचा एक मोठाही जवळ लाव. तिसरी, टीएसओपीचा स्वतःचा पुरवठा : पाच व्होल्टकडून १०० ओहममधून त्याला दे आणि त्याच्या पायांशी ४७ मायक्रोफॅरड ग्राउंडला. आत फार मोठा अ‍ॅम्प्लिफायर आहे त्याच्या. पुरवठ्यातली बारीकशी थरथरही त्याला रिमोट वाटू शकते.

रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७, आहे ना? पट्टीची बाजू १२ व्होल्टकडे. तो नसेल तर रिले सुटताना कॉइल जो उलटा फटका देते त्यानं बीसी ५४७ मरतो किंवा मरायच्या आधी ४०१७ ला भलतंच काही मोजायला लावतो.

झाकण लावून शांत आणि उघडल्यावर मात्र रिले आपोआप वाजतो, असं झालं तर दोष उजेडाचा. खोलीत सीएफएल असेल तर ती बदलून एलईडी बल्ब लाव. सीएफएलच्या आतला चोक तिला दर सेकंदाला हजारो वेळा लुकलुकवतो, ते टीएसओपीच्या ३८ किलोहर्ट्झच्या आसपास येऊ शकतं, आणि नुकतीच लावलेली थंड सीएफएल जास्त इन्फ्रारेड फेकते.

लाईट जाऊन आल्यावर दिवा लागतो, त्याचं उत्तर सरळ आहे. वीज आली की ४०१७ कुठल्याही आकड्यावर जागा होतो. त्याला "शून्यापासून सुरुवात कर" असं कुणी सांगितलेलं नाही. ४ आणि १५ मधली तार काढ. तिथे १एन४१४८ डायोड लाव, पट्टी १५ कडे. १५ वरून १०० किलोओहम ग्राउंडला, आणि १५ वरूनच १०४ चा डिस्क पाच व्होल्टला. वीज येते त्या क्षणी तो कपॅसिटर १५ ला पळभर वर ओढतो, ४०१७ शून्यावर जातो, मग १०० किलोओहम त्याला खाली आणतो. नेहमीची मोजणी डायोडमधून पूर्वीसारखीच चालते. अडॅप्टरचा प्लग दहा वेळा काढून लावून बघ, रिले एकदाही ओढला जाता कामा नये.

उन्हाचं दुखणं फार जुनं आहे, आणि ते वाचून तुला बरं वाटेल. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीनं १९५५ मध्ये फ्लॅशमॅटिक नावाचा बिनतारी रिमोट आणला, यूजीन पॉली या इंजिनिअरनं केलेला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल होते आणि हातात बॅटरीसारखा झोत. पण खिडकीतलं ऊन पडद्यावर आलं की चॅनल आपोआप बदलायचे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलरचा ध्वनिलहरींवरचा रिमोट आला, आणि तो किल्ल्यांच्या खुळखुळाटाला फसायचा. रिमोट करणाऱ्या प्रत्येकाला ही लढाई लढावी लागली आहे. टीएसओपी त्या मानानं पुष्कळ शहाणा आहे, पण उन्हात इन्फ्रारेड इतकं असतं की त्याचा डोळा दिपतो आणि आतला अ‍ॅम्प्लिफायर आपली संवेदना कमी करून घेतो. म्हणून डोळ्याला खिडकीकडे पाठ करून बसव. पुठ्ठ्याची दोन-तीन सेंटिमीटर लांब नळी करून आतून काळी आणि बाहेरून फॉइलची, तिच्यात तो आत सरकव. नळीचं तोंड समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे किंवा पलंगाकडे. इन्फ्रारेड भिंतीवरून चांगलं परततं, आजीला नेम धरावा लागणार नाही. मच्छरदाणी आड आली तरी हरकत नाही.

टीएसओपी बदलायची वेळ आली तर दुकानदाराकडून घेताना पायांचा क्रम विचार. मूळ १७३८ मध्ये गोल डोळा आपल्याकडे धरला असता डावीकडून ग्राउंड, प्लस, आउटपुट असे पाय येतात. १८३८ नावानं मिळणाऱ्यात आउटपुट, ग्राउंड, प्लस. हल्ली "१७३८" मागितल्यावर दुसराच पुढ्यात येतो. पुण्याला कुणी जाणार असेल तर तपकीर गल्लीत आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडला हे सगळं सामान एका फेरीत मिळेल.

आता पुन्हा २३० व्होल्ट. इथे तू एकटीनं काम करू नकोस. गावातल्या वायरमनला किंवा कॉलेजातल्या सरांना बोलाव, मेन स्विच बंद करून काम होऊ दे. रिलेचे कॉन्टॅक्ट आणि बाकीचं सर्किट यांच्यात डॉट बोर्डवर तीन ओळींचं तांबं खरवडून टाक, म्हणजे आठेक मिलिमीटरची मोकळी जागा राहील. रिलेनं फेज तोडायचा, न्यूट्रल नाही. फेजमध्ये १ अँपिअरचा फ्यूज. डबा प्लास्टिकचा, स्क्रूचं डोकं बाहेरून हाताला लागेल तिथून आतली कुठलीही वीजवाहक गोष्ट दूर.

आणि एक मागणं. दाराजवळचा जुना स्विच काढून टाकू नका. त्याच्या जागी टू-वे स्विच बसवा आणि रिले हा जिन्याच्या वायरिंगमधला दुसरा स्विच समजा. फेज बोर्डावरच्या टू-वेच्या मधल्या टोकाला; त्याच्या दोन बाजूंच्या दोन तारा रिलेच्या एनओला (रिले ओढल्यावर जुळणारं टोक) आणि एनसीला (रिले सुटलेला असताना जुळलेलं टोक); रिलेचा कॉमन दिव्याला. मग रिमोटनंही दिवा बदलतो आणि भिंतीवरूनही. एखाद्या दिवशी अडॅप्टर मेला, रिमोटचे सेल उतरले, ४०१७ जळाला, तरी रिले एनसीवर स्वस्थ बसतो आणि भिंतीवरचा स्विच नेहमीसारखा चालतो. आजारी माणसाच्या खोलीतला दिवा एकाच यंत्राच्या भरवशावर ठेवणं मला पटत नाही, मग ते यंत्र मी केलेलं असो की तू. रिले सुटलेला असताना दिवा विझलेला राहतो ती स्विचची बाजू शोधून तिथे लाल टिकली लाव, आणि झोपताना स्विच त्या बाजूला ठेव. नाहीतर लाईट आल्यावर दिवा पुन्हा लागेल आणि तुला वाटेल सर्किट बिघडलं.

कुणी सुचवेल की कॉन्टॅक्टवर कपॅसिटर आणि रेझिस्टरची जोडी लाव, ठिणगी कमी होईल. एलईडी बल्बाला ते करू नकोस. त्या जोडीतून झिरपणाऱ्या करंटवर बल्ब रात्रभर मिणमिणत किंवा लुकलुकत राहतो, आणि आजीची झोप जायची ती जाईलच.

एक मर्यादा सांगून ठेवते. हे सर्किट कोण बोलतंय हे ओळखत नाही, कुणीतरी बोलतंय एवढंच ओळखतं. त्या खोलीत टीव्ही आणलात तर आवाज वाढवतानाही दिवा बदलेल. ते नको असेल तर टीएसओपीच्या पुढे आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड लावून रिमोटचा कोड वाचायचा आणि ठरलेल्या एकाच कळेला रिले हलवायचा. दुसऱ्या वर्षाला जाशील तेव्हा हे चार संध्याकाळींचं काम आहे. मात्र जुना कपॅसिटरवाला पुरवठा लावलेला असताना यूएसबीची तार कधीही लॅपटॉपला जोडू नकोस; फेज लॅपटॉपच्या अंगावर येईल आणि तुझ्याही.

सगळं जुळलं की लगेच दिवा जोडू नकोस. दोन रात्री नुसता डबा आजीच्या खोलीत चालू ठेव, रिलेच्या कॉन्टॅक्टवर अडॅप्टरच्याच १२ व्होल्टवरून १ किलोओहम आणि एक छोटा लाल एलईडी. रात्री निजताना तो विझलेला, सकाळी मिक्सर होऊन गेल्यावरही विझलेला, लाईट जाऊन आल्यावरही विझलेला. हे जमलं की वायरमनला बोलाव.

रिमोटच्या बाकीच्या कळांवर जाड चिकटपट्टी लाव आणि मधल्या एका मोठ्या कळेवर अंधारात चमकणारी रेडियमची टिकली. कळेच्या कडेला शिवणकामाची एखादी गुंडी चिकटवलीस तर न बघताही बोटाला सापडेल. रिमोटला नाडी बांधून ती पलंगाच्या दांड्याला अडकव, आजीचा ज्या बाजूचा पाय धड आहे त्या बाजूला, म्हणजे रिमोट घ्यायला दुखऱ्या खुब्यावर वळावं लागणार नाही. दोन रात्रींत एलईडी किती वेळा आपोआप लागला ते वहीत लिहून मला कळव, आणि ४०१७ चा १३ नंबर मोकळा होता की नव्हता तेही.